रुकी करार आणि सॅलरी कॅप : या चुका टाळा

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि गेम म्हणजे एनएफएल या अमेरिकन लीगच्या नियमांवर बेतलेले, मॅडन या व्हिडिओ गेमच्या फ्रँचाइझ मोडसारखे, जिथे टीम तुम्ही चालवता. रुकी म्हणजे लीगमध्ये नव्याने आलेला खेळाडू, ड्राफ्ट म्हणजे टीम्सनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं, आणि सॅलरी कॅप म्हणजे टीमच्या एका वर्षाच्या पगारांवरची मर्यादा. प्रत्येक गेम मूळ नियमांना थोडीफार कात्री लावतो. म्हणून आधी सेटिंग्ज उघडून कॅप चालू आहे का, शिल्लक कॅप पुढच्या वर्षात जाते का आणि पाचव्या वर्षाचा पर्याय (रुकी करार टीमला एक वर्ष वाढवता येण्याची सोय) दिलाय का, हे बघून घ्या.

नुसतं रेटिंग बघून ड्राफ्ट करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०११ पासून एनएफएलमध्ये रुकीचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर ठरतो. कुठल्या जागेवर खेळतो याचा त्याच्याशी संबंध नाही. दहाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) घ्या नाहीतर रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), चार वर्षांचा खर्च जवळपास तोच. बाजारभाव मात्र जागेनुसार प्रचंड बदलतो.

समजा त्या क्रमांकाचा रुकी वर्षाला सरासरी ६० लाख डॉलरला पडतो. त्याच दर्जाचा रनिंग बॅक बाजारात १ कोटी २० लाखांना मिळत असेल, तर तुमचे ६० लाख वाचले. एज रशरचा (क्वार्टरबॅकवर कडेने चाल करणाऱ्याचा) भाव ३ कोटी असेल, तर २ कोटी ४० लाख वाचले. म्हणजे ८४ रेटिंगचा रशर ८८ रेटिंगच्या रनिंग बॅकपेक्षा जास्त कमावून देतो. पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, एज रशर, रिसीव्हर, लेफ्ट टॅकल, कॉर्नरबॅक हेच बघा. दुसऱ्या फेरीत किकर उचलणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

पहिल्या वर्षाचाच आकडा धरणं

रुकीचा कॅपवरचा भार दरवर्षी पहिल्या वर्षाच्या २५ टक्क्यांपर्यंत वाढतो. पहिल्या वर्षी ६० लाख असतील, तर पुढे ७५, ९० आणि चौथ्या वर्षी १ कोटी ५ लाख. असे तीन-चार खेळाडू असले की नवीन कोणालाही न घेता कॅप लाल होते, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते.

उलटी चूकही होते. ऑफ-सीझनला एनएफएलमध्ये सगळ्यात महाग ५१ खेळाडूच मोजतात. ६० लाखांचा रुकी आला की ८ लाख ४० हजारांचा ५१वा खेळाडू मोजणीतून बाहेर जातो, म्हणून खरी गरज ५१ लाख ६० हजारांची. रुकींसाठी गरजेपेक्षा जास्त कॅप अडवून ठेवू नका. तुमच्या गेममध्ये हा नियम नसेल, तर मात्र पूर्ण रक्कम लागेल.

बोनस फुकटचा समजणं

साइनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) कॅपच्या हिशेबात कराराच्या वर्षांत वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांत. चार वर्षांच्या करारावर २ कोटी बोनस म्हणजे वर्षाला ५० लाख. दुसऱ्या वर्षानंतर खेळाडू सोडला, तर उरलेला १ कोटी एकदम अंगावर येतो. हाच डेड मनी. १ जूननंतर सोडल्यास ५० लाख या वर्षी, ५० लाख पुढच्या वर्षी. डेन्व्हर ब्रॉन्कोज या टीमने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा सुमारे ८.५ कोटींचा डेड मनी असाच दोन वर्षांत विभागला गेला.

ट्रेडमध्येही उरलेला बोनस जुन्या टीमच्याच माथी राहतो आणि नवी टीम फक्त पगार देते. म्हणून मोठा बोनस आधीच घेऊन बसलेला खेळाडू दुसऱ्या टीमकडून आणा. तो स्वस्तात पडतो.

एकाच वर्षी सगळे करार संपू देणं

ड्राफ्ट झालेल्यांचे करार चार वर्षांचे, न झालेल्यांचे तीन. एखादा ड्राफ्ट फारच छान जमला की चार वर्षांनी पाच स्टार एकदम दाराशी उभे. तिसरा सीझन संपेपर्यंत ड्राफ्ट झालेल्याचा करार वाढवता येत नाही. क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२४ चा सीझन साधारण १० लाख डॉलरमध्ये खेळला, २६.५ कोटींचा करार २०२५ मध्ये झाला. तेव्हा एकाला तिसऱ्या सीझननंतर लगेच बांधा, एकाला चौथ्यानंतर, एकावर फ्रँचाइझ टॅग (एका वर्षासाठी खेळाडू रोखून धरण्याची सोय) लावा, आणि एकाला करार संपायच्या वर्षभर आधी ट्रेड करा. बाहेरून आणलेल्या मोठ्या खेळाडूंचे करारही क्वार्टरबॅकचा रुकी करार संपतो त्याच वर्षी संपतील असे करा, म्हणजे तो महाग होईल तेव्हा त्यांचा पैसा मोकळा होईल.

पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीला मिळतो. २०१८ मध्ये बाल्टिमोरने क्वार्टरबॅक लमार जॅक्सनसाठी ट्रेड करून ३२वा, म्हणजे पहिल्या फेरीतला शेवटचा क्रमांक मिळवला. त्यामुळे २०२२ चं वर्ष त्यांच्या हाती राहिलं, २ कोटी ३० लाखांत. पण पर्याय वापरला की आता ती रक्कम पूर्ण गॅरंटीची होते. दुखापतग्रस्त खेळाडूवर सवयीने बटण दाबू नका.

कॅप आधीच लाल झाली असेल तर

आधी मागच्या वर्षाचा डेड मनी बघा. तो हलवता येत नाही. मग सीनियर खेळाडूंचा पगार बोनसमध्ये बदला. १ कोटी २० लाखांपैकी १ कोटी चार वर्षांत वाटला, तर या वर्षी ७५ लाख सुटतात. तिशी ओलांडलेल्यावर हे करू नका. दोन वर्षांत त्याला सोडावंच लागेल, आणि त्यातले ५० लाख तेव्हाही तुमच्या खात्यावर असतील.