शेकचा डबा घेण्यापूर्वी करावयाची तयारी

सांगली-मिरजेत ओळखीतल्या कोणी ना कोणी वजन उतरवण्यासाठी सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण सोडून शेक (दुधात किंवा पाण्यात कालवून प्यायची पावडर) घेत असल्याचे हल्ली ऐकू येते. अशा कार्यक्रमाचे पैसे भरण्यापूर्वी त्याचा डबा, वही-पेन आणि घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा घेऊन शांतपणे बसावे.

आधी डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण) परवाना क्रमांक आहे ना, हे पाहावे आणि मग घटकांची यादी वाचावी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन नावांतच साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, झटकन पचणारी कर्बोदकांची पूड) दिसले, तर आपण मुख्यतः कशाचे पैसे मोजणार आहोत ते लगेच कळते. पोषणमूल्यांच्या तक्त्यातून १०० ग्रॅमचे नव्हे, तर एका मापाचे आकडे उतरवून घ्यावेत. ते ‘दुधासह’ दिले असतील तर कोणते दूध धरले आहे ते तपासावे. साय काढलेले दूध धरलेले असले आणि आपल्या घरी म्हशीचे दूध येत असले, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यातून सुमारे २०० कॅलरी निव्वळ दुधाच्याच होतात.

यानंतरचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी करत नाही. समजा, एका मापात ९ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम कर्बोदके आणि २ ग्रॅम स्निग्धांश आहेत. प्रथिने व कर्बोदकांच्या ग्रॅममागे ४ आणि स्निग्धांशाच्या ग्रॅममागे ९ कॅलरी धरल्यास एकूण १३४ कॅलरी होतात. प्रथिनांचा वाटा २५ टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे दिसायला चांगला. परंतु कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९१ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका जेवणाची जागा घेणाऱ्या पदार्थात २०० ते ४०० कॅलरी असायला हव्यात, तेव्हा पाण्यात कालवलेल्या या मापाला जेवण म्हणता येणार नाही. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारस सांगते. ७० किलोच्या माणसाला ती ५८ ग्रॅम लागतील. दोन शेकमधून १८ ग्रॅम मिळाली, तर उरलेली ४० ग्रॅम दुपारच्या एकाच ताटातून यायला हवीत, आणि भाजी-भाकरीच्या साध्या ताटातून ती येत नाहीत. म्हणून त्या ताटात कोरेगावचा वाघ्या घेवडा, मटकीची उसळ, अंडी किंवा दही यांची सोय आधीच लावून ठेवावी.

तंतुमयाचाही विचार व्हावा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. भाकरी बंद करून शेकमधून दोन-तीन ग्रॅमच मिळत असतील, तर बद्धकोष्ठ ठरलेलाच. स्त्रियांनी लोहाचा आकडा अवश्य पाहावा, कारण त्यांची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भारपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर वरचा हिशेब कितीही जुळला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये; जेवण घटले आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दिवसाच्या एकूण कॅलरी ८०० च्या खाली जात असतील, तर धडधाकट माणसानेही वैद्यकीय देखरेखीशिवाय त्या वाटेला जाऊ नये. डॉक्टरांकडे जाताना डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. शेक बंद झाल्यावर नेहमीच्या जेवणावर कसे यायचे, हे कार्यक्रम चालवणाऱ्यांकडून लेखी घ्यावे आणि ते मिळेपर्यंत तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नयेत.