जमिनीला भाव आलेल्या गावाचा इतिहास कसा लिहावा: पनवेल-उरण पट्ट्यासाठी

या पट्ट्यातील गावाचा इतिहास लिहिताना बहुतेक जण १९७० मध्ये सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) स्थापना आणि ९५ गावांचे भूसंपादन येथून सुरुवात करतात; त्यामुळे त्याआधीची मिठागरे, खारबंदिस्ती (खाडीचे पाणी अडवणारे बांध) आणि कुळांची शेती दोन ओळींत संपते. सुरुवात शेतांच्या नावांपासून करावी. कोणत्या खारीला, म्हणजे बांधाआडच्या शेतजमिनीला, काय म्हणत, उघाडी (बांधातील पाणी सोडण्याचे दार) कुठे होती, फुटलेला बांध घालायला कोणकोणत्या घरांतून माणसे जात, हे ज्यांनी आवणी (भाताची लावणी) केली त्या आजींना विचारावे. पैशांचा प्रश्न पहिल्या भेटीत काढू नये, कारण तो निघाला की आठवणींऐवजी भाऊबंदकीच ऐकावी लागते.

त्यानंतर कागदांकडे वळावे. चालू सातबारा फारसे सांगत नाही. जुना हस्तलिखित उतारा मिळवावा, ज्यात कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो आणि शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून फेरफार नोंदवही उघडली की वारस, कुळ, खरेदी, हक्कसोड (वारसाने आपला हिस्सा सोडणे) असा क्रम उलगडतो. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा दिवस, ठरला, त्यामुळे त्यानंतरच्या नोंदी विशेष बारकाईने पाहाव्यात. पुढे भाव वाढत गेला तशी बहिणींची हक्कसोडपत्रे वाढली का, हे वर्षवार मोजून पाहावे. माझ्या मते गावातील बदल खरेदीखतांपेक्षा या मोजणीत अधिक स्पष्ट दिसतो. पिकांच्या नोंदीत भाताच्या जागी ‘पड’ (न पेरलेली जमीन) कोणत्या वर्षी आले, तेही टिपून ठेवावे. संपादन झालेल्या जमिनीचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) मिळाल्यास त्यातील घरे, झाडे आणि विहिरी यांच्या नोंदी उतरवून घ्याव्यात.

छापील साधनांत एक अडचण आहे. पनवेल त्या काळी ठाणे जिल्ह्यात असल्याने त्याची माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये सापडते, आणि कुलाब्याचा खंड चाळणारा रिकाम्या हाताने परततो. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, हेही जुन्या कागदांचा शोध घेताना ध्यानात ठेवावे.

जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाटा येथे झालेल्या भूसंपादनग्रस्तांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. येथे प्रत्यक्ष सहभागी झालेल्या किमान तिघांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात, कारण एकत्र बसवल्यास सर्वांत मोठ्या आवाजाचीच हकीकत उरते. २०१३ नंतरचा नैना प्रकल्प (नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या परिसराचा विकास) आणि २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांबद्दल वर्तमानपत्रांत विपुल मजकूर असल्याने ते थोडक्यात आटोपले तरी चालते.

प्रसिद्ध करण्यापूर्वी हयात व्यक्तींची नावे आणि गट क्रमांक एकत्र छापू नयेत. जमिनीचे दलाल असा मजकूर फार मन लावून वाचतात.