नाताळासाठी मसालेदार गरम वाइन

या पेयासाठी महागडी वाइन मुळीच घेऊ नये, कारण तिचे नाजूक गंध मसाल्यांत हरवून जातात. फारशी तुरट नसलेली साधी लाल वाइन, ७५० मिलिलिटर, पुरेशी असते. प्रथम अर्धा कप पाण्यात ४ मोठे चमचे साखर, दालचिनीचे २ तुकडे, ५-६ लवंगा, १ चक्रीफूल आणि संत्र्याची साल घालून मंद आचेवर १० मिनिटे उकळावे. साल काढताना आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडवट असतो.

मसाल्यांचा अर्क आधी पाण्यात उतरवणे हेच या कृतीचे मर्म आहे, कारण अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि वाइन खळखळू दिली, तर तिचा जोर आणि सुवास वाफेबरोबर निघून जातात. म्हणून वाइन ओतल्यावर आच अगदी बारीक ठेवावी. वर वाफेच्या रेषा दिसाव्यात, पण कडेला बुडबुडे धरू नयेत. १५-२० मिनिटांनी गाळून घ्यावी, कारण लवंग जास्त मुरली की बाकीच्या सगळ्या चवींवर मात करते. ब्रँडी आवडत असल्यास गॅस बंद केल्यानंतरच ५० मिलिलिटर मिसळावी आणि गरम पाण्याने विसळलेल्या जाड पेल्यांतून लगेच वाढावी.