निनावी फोटो जमवताय? निदान या चुका टाळा

शुक्रवारी पहाटे चोरबाजारात टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांत हल्ली तरुण पोरंही दिसतात. बरं वाटतं. पण हाती लागलेल्या अल्बममधला एकच ‘भारी’ फोटो उपटून बाकीचा परत ढिगात टाकतात, तेव्हा जीव जळतो.

जळतो, कारण मीही हेच केलंय. चोरबाजारातल्याच मटन स्ट्रीटवर काळ्या पानांचा एक अल्बम घेतला होता. घरी आल्या आल्या सगळे फोटो सोडवले, आकाराप्रमाणे लावले आणि पानं रद्दीत दिली. महिन्याभराने, विकत घेताना मोबाईलवर काढलेलं एक पान मोठं करून पाहिलं. फोटोंखाली पांढऱ्या शाईने पोर्तुगीज मजकूर होता. वाचता आलं ते एवढंच: मोझांबिक, 1938. बाकी पानांवर नावं असणार. ती काळाने पुसली नाहीत, मी रद्दीवाल्याला दिली. तेव्हापासून आधी पान न् पान टिपतो, विक्रेत्याला माल कुठल्या घरातून आला ते विचारतो, मगच फोटोच्या पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलने क्रमांक. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

कपडे आणि मिशा पाहून साल ठोकून देऊ नका. परदेशी फोटो-पोस्टकार्ड असेल तर उलटं करा. तिकीट लावायच्या छापील चौकटीत ‘अझो’ (AZO, फोटो-कागदाचं नाव) आणि कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील, तर कागद साधारण 1904 ते 1918 मधला. दोन वर, दोन खाली असतील तर 1918 ते 1930. अर्थात हे वय कागदाचं. फोटो नंतरही छापलेला असू शकतो.

लॅमिनेशन, फेव्हिकॉल, चिकट पानांचे अल्बम: नाही, नाही, नाही.

आता काच. माझं पहिलं प्रदर्शन जुलैत होतं. फ्रेमवाला म्हणाला, “सगळे असंच लावतात,” आणि फोटो थेट काचेला टेकवले. मुंबईच्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. उतरवताना मी घाईने ओढला. आजीबाईंचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. हल्ली काच आणि फोटो यांच्यामध्ये ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, ठेवतो, आणि पावसाळ्यात तर भिंतीवर फक्त प्रती. चिकटलाच तर काचेसकट स्कॅन करा, ओढू नका. ‘पटकन होईल’ म्हणणाऱ्याच्या हाती फोटो देऊच नका.

आणि मथळे. पाठीमागे लिहिलंय तेवढंच लिहा, नसेल तर ‘नाव माहीत नाही’. आमच्या एका उत्साही मित्राने खिडकीशी बसलेल्या एका बाईंच्या फोटोखाली ‘विरहिणी’ लिहिलं. दादरच्या प्रदर्शनात एक काकू त्यापुढे थबकल्या.

“अहो, ही आमची मावशी. दाढ दुखत होती तिची त्या दिवशी.”

फोटो उतरवून त्यांना दिला. मथळा मित्राला.