चिल्लरमधलं खरं एरर नाणं कसं ओळखायचं

एरर कॉइन म्हणजे ज्याच्यात टांकसाळीतच गडबड झाली ते नाणं. नंतर ते ट्रकखाली आलं, कोणी गॅसवर तापवलं, कोणी कानशीने घासलं तर ते एरर नाही, नुसतं खराब झालेलं नाणं. त्यामुळे काहीही विचित्र हाताला लागलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो, मशीनमध्ये हे नेमकं कसं घडलं असेल? उत्तर मिळालं नाही तर नाणं कितीही भारी दिसो, मी ते एरर धरत नाही.

म्हणून आधी नाणं कसं बनतं ते थोडक्यात. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, चकतीची कड जरा उचलून घेतात, मग ती दोन ठशांच्या मध्ये जाते आणि दाब बसतो, त्या वेळी भोवती एक कडं असतं, ज्याला कॉलर म्हणतात, धातू बाहेर पसरू नये म्हणून. चूक होते ती चकतीत, ठशात नाहीतर दाबताना. बस, या तीनच जागा.

सामान फार लागत नाही. सोनार वापरतात तसं दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, एक लोहचुंबक, आणि जमलं तर नाण्याची रुंदी मोजायला व्हर्नियर. नाणं कडेला धरा, आणि प्लीज ते चिंच, लिंबू, राख लावून घासू नका, चांगली नाणी अशी चमकवून वाया घालवलेली मी इतकी बघितलीत की खरंच वाईट वाटतं.

पहिली स्टेप म्हणजे बरोबर नाणं कसं असतं ते माहीत करून घ्या. सालाच्या खाली बघा, मुंबईच्या टांकसाळीचं चिन्ह हिरा, हैदराबादचं तारा, नोएडाचं ठिपका, आणि कोलकात्याचं काहीच नसतं. नवीन लोक हमखास इथेच फसतात, खाली चिन्ह नाही म्हणजे एरर सापडली असं वाटतं, पण ते साधं कोलकात्याचं नाणं असतं. १९८५ च्या एक रुपयावर सालाखाली इंग्रजी एच दिसला तरी ती एरर नाही, ती नाणी इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडून आणली होती. २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणंही एरर नाही, ते स्मारक नाणं आहे.

आता नाणं फिरवून बघा. सिंह सरळ ठेवून नाणं वर आणि खाली दोन बोटांत धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं डावीकडून उजवीकडे वळवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला पाहिजे. ती तिरकी किंवा पूर्ण उलटी आली तर ठसा फिरलेला होता, याला रोटेटेड डाय म्हणतात, आणि चिल्लरमध्ये सापडण्याची शक्यता असलेली ही एक चांगली एरर आहे. थोडासा तिरकेपणा सोडून द्या, त्याला कोणी विचारत नाही, जितकं जास्त फिरलेलं तितकी मजा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या क्वार्टरवर मात्र ही टेस्ट लावू नका, तिकडे दुसरी बाजू उलटी असणं हेच नॉर्मल.

मग भिंग घ्या. नाण्यावर रेघ दिसतेय? ती वर आलेली आहे की आत गेलेली ते बघा, कारण सगळं यावर आहे. ठशाला तडा गेला की दाबताना धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंच येते. नंतर ओरखडा पडला तर ती खोल जाते. उंच रेघ म्हणजे डाय क्रॅक, खोल रेघ म्हणजे बहुतेक वेळा ओरखडा.

कड चंद्रकोरीसारखी कापली गेलेलं नाणं मिळालं तर जरा वेळ द्या. घरी लाटलेल्या मोठ्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर ती पुरी एका बाजूने कोरलेली निघते ना, अगदी तसंच चकत्या कापताना होतं. अशा नाण्यात कापाच्या बरोबर समोरची कड बऱ्याचदा पुसट असते, कारण कड उचलताना तिथे नीट दाबच बसलेला नसतो, आणि कापाजवळची अक्षरं हळूहळू ओढल्यासारखी, विरल्यासारखी दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखं एकदम तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते.

डिझाइन एका बाजूला सरकलंय आणि उरलेली चकती कोरी आहे, तर ते ऑफ-सेंटर. त्यात साल आणि चिन्ह दिसत असेल तर ते जास्त चांगलं.

माझी आवडती एरर ब्रॉकेज, जुने संग्राहक याला लखी म्हणतात. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते, मग एका बाजूला नेहमीचं चित्र उंच आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट. हे दिसायला इतकं सुंदर असतं की लोक घाईत विकत घेतात. मीही एकदा घेतलं आणि घरी येऊन भिंगाखाली धरलं तर खोलगट चित्राच्या खाली मूळ काट्याच्या बाजूचा (छापा-काटातला काटा) आकडा चेपलेल्या अवस्थेत दिसत होता, म्हणजे कोणीतरी दोन नाणी शिकंज्यात दाबली होती. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूचं मूळ चित्र कधी उमटलेलंच नसतं, तर त्याच्या खुणा येणार कुठून?

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधला भाग आणि कडं एकाच ठशाखाली एकत्र दाबले जातात. त्यामुळे मधले सिंह वाकडे आणि कड्यावरची अक्षरं जागच्या जागी, असं मशीनमध्ये होऊच शकत नाही, ते ठोकून काढून परत बसवलेलं नाणं.

चुकीच्या चकतीवर छापलेलं नाणं ओळखायला वजनकाटाच पाहिजे. २०११ च्या सिरीजचं दोन रुपयाचं नाणं २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, एक रुपयाचं साधारण २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅम. दोन रुपयाचं डिझाइन कडेला कापलं गेलंय आणि नाणं ३.७९ च्या आसपास भरतंय, तर हृदय धडधडायला हरकत नाही. वजन भलतंच काहीतरी आलं तर कोणीतरी घासलंय. चुंबकही लावून बघा, ही स्टीलची नाणी चिकटतात, जुनी तांबं-निकेलची नऊ ग्रॅमची पाच रुपयाची चिकटत नाहीत.

आणि फोनवर कोणी तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो पण आधी फी किंवा टॅक्स भरा म्हणालं तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं, बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कमिशनही मागत नाही. विकायचंच असेल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि नाणी प्रदर्शनात दोन-तीन वेगवेगळ्या डीलरना दाखवा, पहिल्याच टेबलावर हो म्हणू नका.