कादंबरी आणि कवितासंग्रहावर टिपण कसं लिहावं

पुस्तक आवडलं एवढं सांगायला एक ओळ पुरते. ते का आवडलं, हे दुसऱ्या वाचकाच्या उपयोगी पडेल असं सांगायचं तर वाचतानाच तयारी करावी लागते.

पुस्तकात एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. जिथे थांबावंसं वाटलं, कंटाळा आला किंवा मागचं पान पुन्हा उलटावं लागलं, तिथला पृष्ठक्रमांक आणि तीन-चार शब्द लिहा. कंटाळ्याच्या जागा तर नक्कीच टिपा. शेवट चांगला निघाला की त्या विसरल्या जातात आणि मत उगाच गोड होतं. प्रकाशक आणि आवृत्तीही लिहून ठेवा, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात.

कादंबरीच्या कथानकाला चारशे शब्दांच्या टिपणात शंभराहून जास्त शब्द देऊ नका. आधी पाहायचं ते हे, की गोष्ट कोण सांगतंय. ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर हा नायक बोलतो. त्याचा तुटकपणा आणि चिडचिड म्हणजे लेखक भालचंद्र नेमाड्यांची मतं असं धरून वाद घातला, की टिपण भरकटतं. ‘बनगरवाडी’त (१९५५) सांगणारा तरुण मास्तर गावात बाहेरून आलेला आहे, म्हणून धनगरांची वाडी आपल्यालाही त्याच्याबरोबर हळूहळू कळते. असं एक निरीक्षण सापडलं की भाषा, वेग, पात्रं यांवर वेगवेगळे परिच्छेद पाडावे लागत नाहीत. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर आधी तसं स्पष्ट सांगा.

कवितेला हीच पद्धत लावली की हमखास फसतं. संग्रह एका बैठकीत संपवू नका. दिवसाला पाच-सहा कविता पुरेत, आणि प्रत्येक दोनदा: एकदा मनात, एकदा मोठ्याने. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) नुसत्या डोळ्यांनी वाचल्या तर यंत्रयुगातलं शहर दिसतं; मोठ्याने वाचल्या की त्याखालचा ओवी-अभंगाचा ठेका ऐकू येतो. या दोहोंच्या घर्षणात त्यांची ताकद आहे, आणि लिहायचं ते त्यावर. बहिणाबाईंची ओळ उतरवताना खानदेशी बोलीतले शब्द ‘सुधारू’ नका. लय तिथेच मोडते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) शब्द अडला तर जाणत्याला विचारा. न कळलेल्या शब्दाला शिवराळ म्हणून पुढे जाणं हा ढसाळांवर अन्याय आहे.

संग्रहावर मोघम लिहिण्यापेक्षा दोन कविता निवडा, एक जमलेली आणि एक फसलेली. उतारा दोन-चार ओळींचाच घ्या आणि ओळी कवीने जिथे तोडल्या आहेत तिथेच तोडा. सलग लिहिल्या की मुक्तछंदाचं गद्य होतं. उताऱ्याखाली स्वतःची किमान तीन वाक्यं हवीत, नाहीतर तो नुसता शोभेला राहतो.

खर्डा एक-दोन दिवस बाजूला ठेवून मग तपासा. ‘अप्रतिम’, ‘ओघवती’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द शोधा. पुस्तकाचं नाव बदलूनही वाक्य तसंच चालत असेल तर ते काढा आणि त्या जागी कागदावर टिपलेल्या एखाद्या पानावर नेमकं काय घडतं, ते लिहा. गुण द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी द्या. आकडा आधी ठरला की पुढचं लेखन त्याचं समर्थन करत बसतं.