वुड डकसाठी नेस्ट बॉक्स लावताय? मग या चुका टाळा

इकडे अमेरिकेत मागे तळं असलेलं घर घेतलं की एखाद्या मार्चमध्ये कोणाला तरी वुड डक या रंगीत रानबदकाची जोडी दिसतेच, आणि नर दिसला असेल तर विचारूच नका, हिरवं चकचकीत डोकं, लाल डोळा, माणूस खुळाच होतो. मग वीकेंडला होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानाची फेरी, फळ्या कापणं, आणि संध्याकाळपर्यंत तळ्याकाठच्या सगळ्यात सोयीच्या झाडाला घरट्याचा लाकडी बॉक्स ठोकून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो. अंगठे भरपूर येतात. पण खरं सांगू का, असे बरेचसे बॉक्स न लावलेलेच बरे. ही बदकं झाडाच्या ढोलीत अंडी घालतात पण ढोली स्वतः पोखरत नाहीत, तयार जागा शोधतात, त्यामुळे बॉक्स दिसला की मादी आत जाते आणि महिनाभर अंड्यांवर बसते, आणि तिथे रॅकून (मांजरापेक्षा मोठा, झाडावर चढणारा, अंडी खाणारा इथला प्राणी) पोचू शकत असेल तर तुम्ही तिला अंड्यांसकट त्याच्या ताटात वाढून ठेवलंय.

हे काही आजचं ज्ञान नाही. शिकार आणि जंगलतोड यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी जवळजवळ संपत आला होता. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टने, म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने, त्याची शिकार थांबली ती थेट १९४१ मध्ये परत सुरू झाली. मधल्या काळात, १९३० च्या दशकाच्या शेवटी, इलिनॉय राज्यात फ्रँक बेलरोज आणि आर्थर हॉकिन्स या जीवशास्त्रज्ञांनी शेकड्यांनी बॉक्स लावून अभ्यास केला, आणि तेव्हाच कळलं की बॉक्समध्ये बदक येणं ही अडचण नाहीये, आलेलं बदक जगणं ही आहे.

झाडाला ठोकू नका

झाडावर रॅकून चढतो, खार चढते, रॅट स्नेक हा साप तर खोडावरून सरळ वर जातो. बॉक्स वेगळ्या खांबावर लावा, लोखंडी पाइप चालेल, ४ बाय ४ इंची लाकडी खांबही चालेल, आणि बॉक्सच्या खाली पत्र्याचा कोन बसवा, उघड्या छत्रीसारखा, व्यास ३ फूट. लोक काय करतात, दीड फुटाचा कोन लावतात कारण घरात पत्रा तेवढाच पडलेला होता, आणि मोठा रॅकून आरामात त्याच्या कडेला हात घालून वर जातो. खांबाला ग्रीस फासणं हा दुसरा आवडता उपाय. तो नको, थोड्या दिवसांत ग्रीस वाळतं आणि त्याआधी पक्ष्याच्या पिसांना लागलं तर त्याचे हाल. कोन लावला पण बॉक्सच्या डोक्यावर फांदी आलेली असली तर काही उपयोग नाही, खालून नाही तर वरून येतील. आणि खांब पाण्यात असला म्हणून कोन टाळू नका, रॅकून मस्त पोहतो.

झाकणाची कडी पण बघा. नुसता हुक अडकवलेला असेल तर तो रॅकून काढू शकतो, बोटं भलतीच सराईत असतात त्याची. सरळ एक स्क्रू मारा, तसंही वर्षातून एकदाच उघडायचंय.

बॉक्सची कॉलनी करू नका

एका खांबावर पाठीला पाठ लावून दोन बॉक्स, शेजारी अजून चार, दिसायला छान आणि कामाला वाईट. निसर्गात ढोल्या लपलेल्या असतात, एकमेकींपासून लांब असतात. उघड्यावर रांगेत बॉक्स लावले की एक मादी आत जाताना दुसऱ्या माद्यांना दिसते, मग त्या पण तिच्या मागोमाग जाऊन तिथेच अंडी टाकून येतात. एका मादीची अंडी साधारण १० ते १२ असतात, पण अशा बॉक्समध्ये ३० च्या वर सुद्धा सापडतात, एवढी अंडी एका मादीच्या पोटाखाली मावणार कशी, कडेची गार पडतात, आणि कधी कधी बिचारी सगळंच सोडून निघून जाते. १९८० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाचे पॉल शर्मन आणि ब्रॅड सेमेल यांनी हेच दाखवून दिलं आणि बॉक्स झाडीत, आडोशाला, एकमेकांपासून लांब लावा असं सुचवलं. तरी अजून कित्येक जण तळ्याच्या मधोमध रांगच लावतात. माझं म्हणणं सोपं आहे, एका छोट्या तळ्याला एक बॉक्स पुरे. दुसरा लावायचाच असेल तर पहिल्यापासून ६०० फूट लांब आणि मुख्य म्हणजे तिथून दिसणार नाही असा.

पाण्यातच लावायला पाहिजे असंही नाही. काठापासून ३० ते १०० फुटांवर जमिनीत खांब रोवला तरी चालतो, फक्त बॉक्स आणि पाणी यांच्या मध्ये रस्ता नको, पिल्लं चालत जातात. पाण्यात लावलात तर पुराची पातळी बघून तिच्या वर किमान ३-४ फूट. आणि तळं एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाचं, असेल तर आधी परवानगी घ्या बाबांनो, नंतर ईमेलवर ईमेल येत बसतात.

आतली शिडी विसरली की पिल्लं अडकतात

ही चूक बाहेरून दिसत नाही म्हणून जास्त वाईट. अंड्यातून निघाल्यावर साधारण एका दिवसात आई खाली जाऊन हळू आवाजात हाका मारते आणि पिल्लं एकामागोमाग एक भोकापर्यंत चढून उडी मारतात, उंचीचं टेन्शन त्यांना नसतं, कापसाच्या गोळ्याएवढं वजन. पण भोक तळापासून दीड फूट वर असतं, आणि आतली फळी रंधा मारून गुळगुळीत केलेली असेल तर नखं रुतणार कुठे? म्हणून फळीची खरबरीत बाजू आत ठेवा, भोकाखाली करवतीने आडव्या खाचा पाडा किंवा पाव इंची जाळीची ३ इंच रुंद पट्टी तळापासून भोकापर्यंत स्टेपल करा. जाळीच्या कापलेल्या कडा मागे दुमडून घ्या, त्या तारा पिल्लांच्या पायात घुसतात. आणि खांब रोवताना बॉक्स मागे कलला नाही ना ते बघा, किंचित पुढे झुकलेला चांगला, चढायला सोपं आणि पाऊस पण आत येत नाही.

आत काय घालायचं? मादी बाहेरून काडीकचरा काही आणत नाही, जे तळाला असेल त्यातच खळगा करते आणि स्वतःच्या छातीची मऊ पिसं काढून अंडी झाकते. म्हणजे रिकामा बॉक्स लावला तर अंडी फळीवर गडगडणार. ३-४ इंच रंध्याच्या सालपट्या घाला, त्या पेट शॉपमध्ये पिशवीत मिळतात त्या. करवतीचा बारीक भुसा नको, ओला झाला की गच्च बसतो आणि वाळत नाही. गवत, पेंढा पण नको.

लाकूड सीडर बेस्ट, १ बाय १२ इंची १२ फुटी एक फळी एका बॉक्सला पुरते. प्रेशर ट्रीटेड, म्हणजे रसायन मुरवलेलं, नको, आतून रंग तर अजिबात नको. प्लास्टिकच्या बादलीचे जुगाड बघितलेत, उन्हात आतून भट्टी होते. भोक ३ इंच उंच आणि ४ इंच रुंद, आडवं लंबगोल, गोल नाही. बेलरोज यांच्या काळापासून चालत आलेलं माप आहे, मोठे रॅकून बरेचसे अडतात पण तेवढ्यावर भरवसा ठेवून कोन टाळू नका. तळाला चार-पाच भोकं पाणी जायला. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, बदकाला लागत नाही.

हिवाळ्यात बॉक्स उघडा, आत सगळं लिहिलेलं असतं

जानेवारी-फेब्रुवारीत साफसफाई करायची, मार्चला जोड्या यायच्या आत. (बर्फावरून चालत जाणार असाल तर बर्फ किती जाड आहे ते आधी बघा, बदकापायी जीव नको.) आणि सालपट्या लगेच ओतून टाकू नका, आधी बोटांनी चाळा. चामड्यासारखे वाळलेले पातळ पापुद्रे, कवचापासून सुटे झालेले, सापडले तर अभिनंदन, तेवढी पिल्लं बाहेर पडली. फुटलेली कवचं, चिकटून वाळलेला बलक, विस्कटलेलं सगळं, म्हणजे कोणीतरी वर पोचलंय, कोन तपासा, फांद्या तपासा. अख्खी अंडी ढिगाने पडलेली असतील तर वरचं कॉलनीचं प्रकरण, बॉक्स आडोशाला हलवा. पांढरी शुभ्र, जास्त गोल अंडी दिसली तर ती हूडेड मर्गँझरची, तो पण बदकच आहे, त्याला पण हीच जागा लागते, तक्रार करू नका.

गवताकाड्यांनी काठोकाठ भरलेला बॉक्स म्हणजे स्टार्लिंग. हा युरोपातला पक्षी १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडला आणि आता सगळीकडे आहे. त्याला कायद्याचं संरक्षण नाही, त्याचं घरटं काढू शकता, पण ते त्याचंच आहे याची खात्री करूनच. बदकाच्या अंड्यांना मात्र हात लावायचा नाही, सोडून दिलेली वाटली तरी सीझनमध्ये नाही, मादी रोज एक अंडं घालून निघून जाते आणि सगळी झाल्यावरच बसते, त्यामुळे सुरुवातीला बॉक्स बेवारशीच वाटतो.

चुकीच्या बदकाची वाट बघणं

मॅलार्ड, म्हणजे ते नेहमीचं हिरव्या डोक्याचं, या बॉक्समध्ये येत नाही, ते जमिनीवर गवतात अंडी घालतं. त्याच्यासाठी जाळी आणि पेंढ्याचा आडवा गोल बोगदा पाण्यात खांबावर लावतात, ते वेगळं काम आहे.

गावाकडून पण हा प्रश्न येतो, आपल्याकडे लावू का म्हणून. नांदूर मधमेश्वरला किंवा उजनीला हिवाळ्यात दिसणारी थापट्या वगैरे मंडळी पाहुणी असतात, अंडी उत्तरेकडे जाऊन घालतात, त्यांच्यासाठी बॉक्स लावून काय करणार. चक्रवाक लडाखकडे खडकांच्या कपारीत घरटं करतो. ढोलीत अंडी घालणारी आपली बदकं म्हणजे नकटा, काणूक आणि काही वेळा अडई, ती पण पावसाळ्यात, त्यामुळे अमेरिकेतला प्लॅन आणि मार्चचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका, तळ्याकाठची जुनी ढोलीची झाडं तोडू दिली नाहीत तर जास्त काम होईल.

दोन-तीन सीझन रिकामाच गेला तर?

पहिल्या वर्षी रिकामा राहिला तर काही नाही, बऱ्याचदा तसंच होतं. दोन-तीन वर्षं झाली तरी कोणी फिरकलं नाही तर आधी तळं बघा, बॉक्स नाही. काठाला लव्हाळं, पाण्यात वाढलेली झाडं, किडे काहीच नसेल, नुसतं कापलेलं लॉन पाण्यापर्यंत आणलेलं असेल, तर पिल्लं खाणार काय आणि लपणार कुठे, सुरुवातीचे आठवडे ती किड्यांवरच जगतात. लॉन कापणाऱ्याला काठाची दहा-पंधरा फुटांची पट्टी सोडायला सांगा. बॉक्स हलवायचा असेल तर शरद ऋतूत हलवा, आणि हलवायच्या आधी आत डोकावा, कधी कधी थंडीत स्क्रीच आउल, म्हणजे छोटं घुबड, येऊन झोपलेलं असतं, तसं असेल तर स्क्रू परत मारा आणि ते गेल्यावर बघा.